नाना पास झाले तरच

उज्वलाला मी पॉलिटेक्निकपासून ओळखते आणि तेव्हापासूनच तिच्याशी भांडतेय. इलेक्ट्रिकलच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. त्यामुळे मैत्री करण्यावाचून इलाज नव्हता, आणि एकदा झाली ती सुटली नाही. पुढे तिने कंपनी काढली आणि मला ओढून घेतलं. मी ऑफिसात बसून ड्रॉइंग आणि कोटेशनं करते, ती शिडीवर चढते. ज्योत्स्ना मॅडम आहेत का, असा माझ्यासाठी फोन आला तर समजावं, साइटवर ही कोणाशी तरी वाजवून आली आहे.

आमचा धंदा घरांना ऑटोमेशन करून देण्याचा. घरातले दिवे, पंखे, पडदे, एसी, गेट, बागेची मोटर, सगळं भिंतीवरच्या एका बटणपट्टीवरून किंवा फोनवरून चालावं, अशी व्यवस्था. माझ्या सासूबाई याला श्रीमंतांचे चोचले म्हणतात, आणि त्यांचं निम्मं बरोबर आहे. पण या चोचल्यांच्या मागे एक डबा असतो, मीटरजवळच्या कपाटात बसवलेला. तोच घराचा मेंदू. तो कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे ठरवणं आमच्या धंद्यात लग्न ठरवण्याइतकं जोखमीचं. एकदा घेतला की ट्रेनिंग त्याचं, सुटे भाग त्याचे, आणि पुढे कित्येक वर्षं गिऱ्हाइकांच्या शिव्याही त्याच्याच पायी खायच्या.

लोक माहितीपत्रकं वाचतात, प्रदर्शनं बघतात, दुसऱ्या शहरातल्या धंदेवाल्यांना विचारतात. आम्हीही हे सगळं करत होतो. पण शेवटचा निकाल लागायचा तो जेल रोडला, उज्वलाच्या माहेरी. नानांना जमलं तर गिऱ्हाइकाला जमेल, नाही जमलं तर डबा परत. हा तिचा नियम होता.

नाना म्हणजे झुंबरनाना, उज्वलाचे वडील. मूळचे सिन्नरकडचे शेतकरी. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात लागले आणि कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. भिंतभर पॅनेल, त्यावर लाल-हिरवे दिवे आणि समोर नाना, असा त्यांचा जन्म गेला. उज्वला लहान असताना ते तिला सांगायचे, "लाल दिवा लागला तर घाबरायचं नाय, आधी वाचायचं." ती इलेक्ट्रिकलला आली ती यांच्यापायीच. आमच्या सबमिशनच्या वह्यांवर मास्तरांच्या आधी नानांचा हात फिरायचा, आणि आकृती वाकडी निघाली तर माझीही सुटका नसायची. "काय गं ज्योत्स्ना, ही तार कुठं निघाली, देवळालीला?" असं म्हणून पुन्हा काढायला लावायचे.

नियम झाला त्याची गोष्ट साधी आहे. कंपनी नवीन असताना उज्वलाने पहिली बटणपट्टी आधी माहेरच्या हॉलमध्ये लावली. नानांनी बटण दाबलं. दिवा जरा उशिरा लागायचा, म्हणून त्यांनी पुन्हा दाबलं, आणि लागतोय तोवर तो विझला. नाना म्हणाले, "मी दाबलेलं याला कळलं, हे मला कसं कळावं? बटणातच बारका दिवा पाहिजे." उज्वलाने ती पट्टी परत केली आणि बटणात दिवा असलेली शोधली. ती चालली, धंदाही चालला. तेव्हापासून कोटेशन देताना ती गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगायची, "आमच्या वडिलांच्या परीक्षेत पास झालेली वस्तू आहे ही." लोकांना ते आवडायचं. नानांना तर फारच. आमचा वायरमन गोरक्ष नवीन वस्तू घेऊन जेल रोडला गेला की तीन तास परत यायचा नाही, कारण आधी परीक्षा आणि मग उज्वलाच्या आईच्या, यशोदाबाईंच्या, हातची भाकरी. त्या हॉलच्या एका भिंतीला इतक्यांदा भोकं पाडून बुजवली आहेत, की रंग देणाऱ्यानेही हात टेकले.

मग आम्ही वापरत होतो त्या परदेशी कंपनीने गाशा गुंडाळला. एक ईमेल आली, आमचे आभार मानणारी. सुटे भाग मिळणार नाहीत, नवीन डबे मिळणार नाहीत. हातातली कामं कशीबशी उरकता येणार होती, पण नवीन कामाला नवीन सिस्टीम हवी होती, आणि नेमकं तेव्हाच आजवरचं सगळ्यात मोठं काम आलं. विंचूरला वाईन पार्कच्या पुढे सुनीलभाऊ बंगला बांधत होते. माणूस कांद्याचा व्यापारी, मोकळा, पण घाईचा. सिस्टीम तारेची की बिनतारी, हे प्लास्टरच्या आधी ठरवावं लागतं, कारण तारेची असेल तर भिंतीतून नळ्या टाकायच्या. म्हणजे आम्ही ठरवेपर्यंत त्यांचं प्लास्टर थांबलेलं. ते रोज फोन करायचे, "ताई, तुमचं ठरलं का?"

ताईंचं ठरत नव्हतं. कारण नाना पास होत नव्हते.

पहिल्यांदा आणला तो भिंतीवर लावायचा काचेचा पडदा. बोट लावलं की चित्रं येतात, चित्राला बोट लावलं की दिवा लागतो. गोरक्षने लावला. नाना समोर जाऊन उभे राहिले. पडदा अजून काळाच होता. नानांनी त्यात स्वतःचा चेहरा बघितला आणि हात जोडून म्हणाले, "या, बसा." गोरक्षने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. उज्वला म्हणाली, "काच फार चकाकते. उन्हाच्या घरात चालणार नाही ही." आणि डबा परत गेला.

नंतर आवाजावर चालणारी आणली. तिच्याशी बोललं की ती ऐकते, आणि समजलं नाही तर तसं गोड आवाजात सांगते. नानांनी तिला चहा घेणार का विचारलं. ती म्हणाली, समजलं नाही. नाना म्हणाले, "घ्या हो, आमच्याकडं साखर कमीच टाकतात." तेव्हा आम्ही सगळेच हसलो, उज्वला तर पोट धरून. दुसऱ्या दिवशी यशोदाबाईंचा फोन आला. नाना हॉलमध्ये यायला तयार नव्हते. आत परकी बाई बसली आहे, ती गेल्याशिवाय येत नाही, म्हणत होते. गोरक्ष जाऊन ते यंत्र काढून घेऊन आला. उज्वलाने ऑफिसात जाहीर केलं, "त्याला मराठी नीट कळत नाही अजून."

तोवर यशोदाबाई नानांना डॉक्टरकडे नेऊन आल्या होत्या. उज्वलाही सोबत होती. स्मृती जाण्याच्या आजाराचं नाव डॉक्टरांनी स्पष्ट घेतलं, गोळ्या लिहून दिल्या, पुढे काय काय होत जाईल तेही सांगितलं. हे मला यशोदाबाईंकडून कळलं. उज्वलाकडून एवढंच कळलं की डॉक्टर लोकांना घाबरवायची सवय असते आणि वय झालं की माणूस विसरतोच. मी म्हटलं, मलाही चष्मा सापडत नाही, पण मी चष्म्याला चहा विचारत नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसरी सिस्टीम तारेची होती, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून हीच योग्य होती. डबा घरातल्या घरात चालतो, इंटरनेट गेलं तरी अडत नाही, कंपनी उद्या बुडाली तरी घर बंद पडत नाही. आम्ही पोळलो होतो ते नेमकं इथेच. मी कागदावर मांडून दाखवलं, गोरक्ष म्हणाला, "ताई, हीच घ्या, लय मजबूत हाय." उज्वलालाही पटलं. पण जेल रोडची परीक्षा बाकी होती.

नाना पट्टीसमोर उभे राहिले. हात वर गेला आणि अर्ध्यावर थांबला. बोट तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी मान वळवून उज्वलाकडे बघितलं. तिला वाटलं, कुठलं बटण ते विचारतायत. मी बाजूला उभी होते, मला ती नजर नीट दिसली. हात कशासाठी वर केला, तेच त्यांना आठवत नव्हतं. जन्मभर ज्या माणसाने एवढी बटणं सांभाळली, त्याचं बोट असं लटकलेलं बघून मला रडू फुटलं आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले. बाहेर उज्वला म्हणत होती, "अक्षरं बारीक आहेत. आणि इंग्रजी. नानांची काय चूक?"

परतताना गाडीत माझा तोल गेला. मी म्हटलं, "उज्वला, अक्षरं त्यांनी बघितलीच नाहीत. सिस्टीम नापास होत नाहीये. तुला कळतंय मी काय म्हणते ते." ती गाडी चालवत राहिली. मी म्हटलं, "सुनीलभाऊंचं प्लास्टर नानांसाठी थांबवतेस, पण नाना आता थांबणार नाहीत." तिने बिटको चौकात गाडी बाजूला घेतली आणि म्हणाली, "उतर." मी उतरले. रिक्षा करून घरी गेले आणि रात्री जेवले नाही. राग होताच, पण तिच्यावर नव्हता. बाप असा डोळ्यांदेखत थोडाथोडा निघून जात असेल, तर मीही अक्षरांनाच दोष दिला असता.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली ती नवीन कल्पना घेऊन. तीच सिस्टीम, पण बटणांवर मराठी अक्षरं कोरून, चांगली ठसठशीत. कंपनी तसं करून देत होती. "आलो", "निघालो", "जेवण", "झोप". तिने अक्षरांचा आकार स्वतः मापून पाठवला. पट्टी आली, गोरक्षने लावली. परीक्षा लगेच घ्यायची नाही असं यशोदाबाई म्हणाल्या. "राहू दे भिंतीवर थोडे दिवस. त्यांची नजर बसू दे. मी सांगते तुला कवा यायचं ते." उज्वलाने मानलं. तिकडे सुनीलभाऊंचा गवंडी दुसऱ्या कामावर निघून चालला होता, आणि भाऊंनी शेवटचं सांगितलं होतं, हा आठवडा बघतो, नाहीतर दुसरा माणूस.

आणि यशोदाबाईंचा फोन आला, या.

मी गेले ती जीव मुठीत धरून. नानांची दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट, उभे कसे तर ड्यूटीवर असल्यासारखे. उज्वला कामावरूनच आली होती, कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. ती म्हणाली, "नाना, घरी आल्यावर कोणतं?" नानांनी "आलो" दाबलं. हॉल उजळला. "बाहेर जाताना?" "निघालो." सगळे दिवे विझले, पंखा थांबला. "झोपताना?" नानांचं बोट क्षणभर अडखळलं आणि बरोबर ठिकाणी गेलं. आतल्या खोलीतला बारका दिवा लागला. नाना वळून म्हणाले, "बरोबर हाय ना, मॅडम?"

उज्वला हसत सुटली. नाना मस्करीत तिला कधी इंजिनीयरीणबाई म्हणायचे, कधी साहेब. किती महिन्यांनी त्यांना मस्करी सुचली होती. तिने मला घट्ट धरलं आणि कानात म्हणाली, "बघ." मी बघितलं. हरल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. डॉक्टर चुकले, मी चुकले, नाना आहेत, जागेवर आहेत. यशोदाबाई चहा टाकायला आत गेल्या होत्या, त्यांना बोलावलं तरी लवकर बाहेर आल्या नाहीत.

उज्वलाने कंपनीशी करारावर सही केली. त्या दिवशी ऑफिसात तिने सगळ्यांना जिलेबी खिलवली. विंचूरला भिंतींतून नळ्या पडल्या, प्लास्टर सुरू झालं, सुनीलभाऊंचे फोन थांबले. सिस्टीम उत्तम निघाली, आज आमची सगळी घरं तिच्यावर चालतात.

द्राक्षांचे दिवस होते. विंचूरच्या साइटवरून परतताना उज्वलाने निफाडला गाडी थांबवली आणि नानांसाठी द्राक्षं घेतली. घरी कळवलं नव्हतं. दुपारची वेळ, जेल रोडच्या घराचं दार उघडं, फक्त जाळीचं ओढलेलं. आम्ही चपला काढत होतो आणि आतून यशोदाबाईंचा आवाज आला.

"वरचं कोणतं?"

"आलो," नाना म्हणाले.

"आलो कवा दाबायचं?"

"मॅडम म्हणल्या की."

"खालचं?"

नाना गप्प. यशोदाबाई म्हणाल्या, "झोप. म्हणा, झोप."

"झोप."

"हं. बोट ठेवा त्याच्यावर. अस्सं. आन मॅडमनी विचारलं, बरं हाय का, तर?"

"बरं हाय, म्हणायचं."

उज्वला जाळीशी तशीच उभी राहिली. मग तिने दार ढकललं.

यशोदाबाई नवऱ्याचं बोट आपल्या हातात धरून पट्टीवर टेकवून उभ्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी हात सोडला. मग त्याच म्हणाल्या, "काय करू मग? तू सही करीना. नाना पास झाले तरच म्हणायची. तुझं एवढं मोठं काम हातचं जात होतं. म्हणून शिकवलं. सकाळ-दुपार बसले घेऊन, तवा कुठं जमलं."

"पण आता तर झाली ना सही, आई," उज्वला म्हणाली.

"तू परत विचारशील म्हणून. एक दिस सोडला की सगळं जातंय त्यांचं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुला कसं सांगायचं होतं गं? त्या दिवशी तुला मॅडम म्हणले तर तू हसलीस. तुला मस्करी वाटली. मी आतच बसून राहिले. दिवाळीपासून कधी वळखतात, कधी नाय. हा शर्ट घालून आलीस की नायच वळखत. त्यांना वाटतं वरून तपासणीला कोणी आलंय, एकलहऱ्याला यायचे तसे."

उज्वलाने हातातली पिशवी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मला तेव्हा कोणाचा तरी गळा धरावासा वाटला, पण धरायला कोणी नव्हतं. आईने माया केली होती, लेकीने माया केली होती, आणि नानांनी तर सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं.

नाना पुढे आले. शर्टाचं वरचं बटण लावलं आणि उज्वलासमोर सरळ उभे राहिले. "मॅडम, बसा. पाणी आण गं मॅडमना." मग आवाज उतरवून, एखाद्या परक्या माणसाला गळ घालावी तसे म्हणाले, "काय ऱ्हायलं असंल तर परत घ्या परीक्षा. मी हाय. पण तेवढं पास करा, मॅडम. आमच्या पोरीचं काम अडलंय याच्यापायी."

उज्वलाने विचारलं, "कोण पोरगी?" तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"आमची उजू. इलेक्ट्रिकलला हाय. लय हुशार, पण हट्टी. माझ्याबिगर काय घेत नाय ती. म्हणती, नाना पास झाले तरच." नाना हसले, आणि त्या हसण्यात त्यांचा जुना अभिमान सगळाच्या सगळा होता. "मला आता पहिल्यासारखं नाय जमत, मॅडम. पण तिला कळू देऊ नका. तिला लागंल."

यशोदाबाई आत निघून गेल्या. उज्वलाने गळ्यातलं ओळखपत्र मुठीत धरलं होतं. मला वाटलं ती आता नाना म्हणून हाक मारेल, त्यांना हलवेल, मीच ती, म्हणून सांगेल. तोंड उघडलंही तिने. पण ते तिच्याकडे इतक्या आशेने बघत होते, की तिने ते शब्द गिळले.

"पास झालात तुम्ही," ती म्हणाली. "तिचं काम झालं."

"झालं?" नानांनी दोन्ही हात जोडले, तिच्यापुढे, आपल्या लेकीपुढे. "लय उपकार झाले. तिला कळवाल ना?"

"कळवते."

"कळवा. आन म्हणावं, एकदा घरी येऊन जा. लय दिस झाले, आली नाय."

उज्वला "सांगते" म्हणाली.